रोजचा रस्ता आणि आडवाट: एका जुन्या फोर बाय फोरचं प्रकरण

भाच्याने जुनी फोर बाय फोर घेतली आणि लगोलग मला यादी पाठवली. एकतीस इंची मड टायर, तीन इंची लिफ्ट (म्हणजे उंच स्प्रिंग घालून बॉडी वर उचलणं), पुढे पोलादी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी चरखी), टपावर कॅरिअर, लाइट बार, स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी). सगळ्यात खाली एक ओळ होती: "मामा, हीच गाडी रोज ऑफिसलाही न्यायची आहे." वरच्या यादीपेक्षा या ओळीनेच पुढचे बहुतेक निर्णय ठरवले.

गाडी तीन दारांची, आखूड व्हीलबेसची. लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बॉडी, पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (डावं-उजवं चाक एकाच अखंड आडव्या दांड्यावर), त्यांवर कॉइल स्प्रिंग. छोटं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, त्यात संथ पण जोरकस चालीसाठी लो रेंज, आणि पार्ट टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच टाकायचा फोर-व्हील ड्राइव्ह. वय साधारण पंधरा वर्षं. कंपनी-मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण इथले प्रश्न घडणीचे आहेत. सुझुकी जिम्नी किंवा जीप रँग्लर चालवणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरची घडणही अशीच, फक्त तिचं फोर-व्हील कायमचं चालू असतं आणि मध्ये लॉक करता येणारं डिफरन्शियल (जोडलेल्या दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, थोडक्यात डिफ) असतं. आपल्या गाडीत ते मधलं डिफ नाही. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, पण कोरड्या डांबरावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साठतो. म्हणून रोजच्या रस्त्यावर ही गाडी टू-व्हील ड्राइव्हच असते. दोन कामांपैकी एकात ती साधी मागच्या चाकांवर चालणारी, उंच आणि आखूड गाडी आहे हे विसरून चालत नाही.

आम्ही एक अट घालून घेतली. यादीतल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं: पावसात, भर रहदारीत करकचून ब्रेक मारावा लागला तर हिच्यामुळे गाडी जास्त वाईट वागेल का? उत्तर 'हो' आलं, तर आडवाटेवर त्या बदल्यात नक्की काय मिळतं ते आकड्यात दाखवायचं. भाच्याला ही अट सुरुवातीला फार आवडली नव्हती.

आधी जुनं दुखणं

गाडी खालून पाहताना पहिल्यांदा नजरेत भरला तो स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉक. आजूबाजूचं सगळं गंजकट, मातीने माखलेलं आणि मध्येच हा एक चकचकीत नवा. सलग पुढचा ॲक्सल असलेल्या जुन्या गाडीत असं दिसलं की शंका घ्यायची. या गाड्यांना एक ठरलेला आजार असतो. ठरावीक वेगात एखाद्या खड्ड्यावर चाक आपटलं की अख्खा पुढचा ॲक्सल डावी-उजवीकडे थरथरू लागतो, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि वेग बराच कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. नवा डॅम्पर घातला की थरथर काही काळ दबते. मूळ कारण तसंच राहतं आणि गाडी विकायला तेवढा काळ पुरतो.

डॅम्पर काढून ठेवला. इंजिन चालू, चारही चाकं जमिनीवर, एक जण स्टिअरिंग थोडंसं डावीकडे-उजवीकडे भराभर हलवतोय आणि दुसरा खाली आडवा पडून एकेक सांधा बघतोय, ही तपासणी फुकटात होते आणि खोटं बोलत नाही. चाकं हलायच्या आधी जे हलतं ते सैल. इथे पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) फ्रेमकडचा बुश, म्हणजे सांध्यातला रबर, स्पष्ट सरकत होता. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, तर उजव्या किंगपिनच्या (ज्या खिळीवर चाक वळतं ती) बेअरिंगमध्येही खेळ. दोन्हीकडची बेअरिंग बदलली, शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून त्यांचा ताण बसवला आणि नकल (चाक धरणारा, वळणारा भाग) स्प्रिंग-काट्याने ओढून तो मोजला. हे मोजमाप बरेच जण टाळतात आणि मग नवी बेअरिंग टाकूनही थरथर गेली नाही म्हणून वैतागतात. पॅनहार्डचे बुश, टाय रॉडची एक एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग झाल्यावर डॅम्पर न लावताच गाडी चालवून पाहिली. थरथर नाही. मग डॅम्पर परत लावला.

पुढच्या डिफचं तेल दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. त्याचं कारण पुढे येईलच. फ्रेम हातोडीने ठोकत गेलो. बॉडी माउंटपाशी आणि मागच्या स्प्रिंगच्या बैठकीपाशी वर्षानुवर्षांचा चिखल साठून ओल धरून होता, पण धातूचा आवाज खणखणीत आला. तिथे तो बद्द आला असता तर मी गाडी परत करायला सांगितली असती. कुजलेल्या फ्रेमवर काहीही बसवण्यात अर्थ नाही.

टायर दोन प्रकारचे होते, पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्या. टायरच्या कडेवर डॉट कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. मागची जोडी दहा वर्षांपलीकडची निघाली. पार्ट टाइम गाडीत पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा असणं म्हणजे फोर-व्हील टाकल्याक्षणी सरळ रस्त्यावरही ताण सुरू. टायर बदलायचेच होते. खरा वाद कोणते घालायचे यावर झाला.

एकतीसचा हट्ट

मूळ माप २१५/७५ आर १५. व्यासाचा हिशेब सोपा आहे: २१५ च्या ७५ टक्के म्हणजे कडेची उंची १६१ मिलिमीटर, ती दोनदा, अधिक पंधरा इंची रिमचे ३८१. साधारण ७०३ मिलिमीटर. भाच्याला हवा होता ३१ इंची, म्हणजे सुमारे ७८७. मधला पर्याय २३५/७५ आर १५, त्याचा व्यास ७३३.

सलग ॲक्सलच्या गाडीत डिफचा गोळा जमिनीपासून किती उंच आहे हे फक्त टायर ठरवतो. स्प्रिंग कितीही उंच घाला, बॉडी वर जाते, ॲक्सल जिथल्या तिथे. त्यामुळे टायरच्या बाबतीत भाच्याचा हट्ट अगदीच चुकीचा नव्हता. एकतीसने डिफ ४२ मिलिमीटर वर जातो, २३५ ने फक्त १५. दगडात हा फरक खरा आहे.

आता बिल बघू. व्यास बारा टक्क्यांनी वाढला की सगळे गिअर बारा टक्क्यांनी 'लांब' होतात. या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.८, लो रेंजचं २, डिफचं ४.१, गुणाकार सुमारे ३१. एकतीसच्या टायरवर तोच परिणाम २८ च्या आसपास उतरतो. छोटं इंजिन, त्यात वर जास्त वजनाचं चाक फिरवायचं. चढावर क्लच घासणार आणि रोजच्या रस्त्यावर पाचवा गिअर शोभेपुरता राहणार. तो फरक भरून काढायला डिफचे गिअर ४.१ वरून ४.५६ च्या आसपास न्यावे लागतात, आणि ते पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखेच हवेत, नाहीतर फोर-व्हील टाकता येणार नाही.

ब्रेकचंही तेच. डिस्क आणि कॅलिपर तेच राहिले आणि चाकाची त्रिज्या वाढली, तर पेडलवर तेवढाच जोर देऊन रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद जवळजवळ अकरा टक्क्यांनी घटते. आमच्या अटीत एकतीस इथेच अडकला. शिवाय स्पीडोमीटर आधीपेक्षा जवळजवळ अकरा टक्के कमी दाखवणार. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमात तर स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचाच नाही असं म्हटलं आहे. मग मडगार्डला घासू नये म्हणून उंच लिफ्ट, उंच लिफ्टमुळे कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) बिघडला म्हणून नवे आर्म, शाफ्टचा कोन वाढला म्हणून नवे जॉइंट. एका टायरमागे गाडीचा अर्धा खालचा भाग बदलायचा.

"म्हणजे एकतीस घालायचेच नाहीत का?" त्याने विचारलं. घालावेत की. पण गाडी प्रामुख्याने आडवाटेची असेल तेव्हा, आणि वर सांगितलेली सगळी कामं एकदम करायची तयारी असेल तेव्हा. निम्मी कामं करून निम्मी 'नंतर बघू' म्हणून सोडलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्या दोन्ही कामांना वाईट असतात.

२३५/७५ घेतले, ऑल टेरेन नक्षीचे, मूळ रिमवरच. फरक चार टक्क्यांचा. स्पीडोमीटर आधी थोडं जास्त दाखवायचा, आता जीपीएसच्या अगदी जवळ आला. मड टायर नाकारायचं कारण आवाज नव्हतं. मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांत बारीक चिरा कमी असतात आणि डांबराला टेकणारं रबरही कमी. ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागतं. खोल चिकट चिखलात मड टायरला तोड नाही हे मान्यच. पण तसा चिखल या गाडीच्या वाट्याला क्वचित येणार.

या मापात जाड कडेचे, हलक्या ट्रकसाठीचे टायरही मिळतात. तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा जुना आकडा जसाच्या तसा भरून चालत नाही. आम्ही टायर कंपनीचा भार-तक्ता पाहून ठरवलं.

लिफ्ट, बेताची

स्प्रिंग चाळीस मिलिमीटर उंच. लिफ्टने डिफ उचलला जात नाही, मग मिळतं काय? बंपरच्या खालचा कोन, पोट टेकण्याचा कोन आणि टायरला वर-खाली व्हायला जागा. आखूड गाडीचं पोट तसंही उशिरा टेकतं, म्हणून चाळीस पुरे वाटले.

स्प्रिंगचे हलक्या, मध्यम आणि जड भाराचे प्रकार येतात. दुकानदार हमखास जड भाराचे पुढे करतो, कारण ते 'मजबूत' वाटतात. रिकाम्या गाडीखाली असे स्प्रिंग दबतच नाहीत. खड्ड्यात गाडी उसळते आणि उंचसखल जागी चाक खाली पोचत नाही, हवेत लटकतं. आम्ही हलक्या भाराचे घेतले आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर. जुने शॉक ठेवून फक्त स्प्रिंग बदलणं म्हणजे अर्धवट काम.

पुढचा ॲक्सल ज्या लांब आर्मवर बसतो ते फ्रेमला मागे जोडलेले असतात. बॉडी वर गेली की आर्म खाली झुकतात, सोबत ॲक्सलही किंचित फिरतो आणि कास्टर कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही, मोठ्या रस्त्यावर गाडी हुंदडते. त्यासाठी भोक एका बाजूला सरकवलेले बुश मिळतात, ते दाबून बसवले. बॉडी वर गेली की पॅनहार्ड रॉड ॲक्सलला बाजूलाही ओढतो. तो सरकतो काही मिलिमीटरच, पण डावं-उजवं मोजल्यावर दिसलाच. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घालून ॲक्सल मध्ये आणला. ब्रेकचे होज पूर्ण ताणून तपासले. मागचा तंग होत होता, तो लांब घातला. हेडलाइट खाली वळवल्या. हे शेवटचं काम जवळजवळ कोणीच करत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

वजनाचा कागद

जड वस्तूंवर मी वाद घातला नाही, बेरीज केली. गाडीच्या कागदांवर रिकामं वजन १,२५० किलो आणि कमाल एकूण वजन १,६५०. हातात ४०० किलो. पोलादी बंपर आणि विंच मिळून ७५, टपावरचं कॅरिअर ३५, बाजूचे पोलादी स्लायडर (दारांखालची कड दगडांपासून वाचवणारे दांडे) ४०, मागचा बंपर आणि स्टेपनीचा स्टँड ५०, जड टायर पाच मिळून ३५. झाले २३५. उरले १६५: चालक, एक सोबती आणि दोघांच्या पाण्याच्या बाटल्या. मागच्या सीटवर कोणी बसलं की गाडी कागदोपत्री ओव्हरलोड, तेही तंबू-पेटी न टाकता.

त्यात ७५ किलो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकणार, म्हणजे मागची चाकं हलकी होणार. आणि टू-व्हीलमध्ये गाडी ढकलणारी चाकं मागचीच. टपावरचे ३५ किलो तर सगळ्यात वाईट जागी. कॅरिअर, मागचा बंपर आणि विंच तिथेच गळाले. पुढच्या बंपरचं आणखी एक आहे: कारखान्याचा बंपर आणि त्यामागचा भाग धडकेत चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो आणि एअरबॅग कधी फुटायची हे त्या चुरगळण्यावरही ठरतं. रोज रहदारीत फिरणाऱ्या गाडीत ते बदलायला माझं मन धजत नाही. लिफ्ट, टायर, बंपर यांतलं काय कायदेशीर आहे हे देशागणिक वेगळं असतं. कामाआधी ते पाहून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

विंचऐवजी लॉकर

साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. या गाडीत ब्रेक लावून घसरतं चाक रोखणारी ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणा नाही. त्यामुळे तिरकस दोन चाकं हलकी झाली की फोर-व्हील असूनही गाडी जागीच चाक फिरवत बसते. मागच्या डिफला लॉकर घातला, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडून सारखीच फिरवणारी जोडणी. आपोआप लॉक होणारे प्रकार स्वस्त पडतात, पण आखूड गाडीत ओल्या वळणावर ते मध्येच लागले-सुटले की मागचा भाग झटका देतो. रोजच्या गाडीला बटणाने लागणारा बरा. हवेवर चालणारा निवडला, कारण त्याला कॉम्प्रेसर लागतोच आणि त्याच कॉम्प्रेसरने टायरमध्ये हवाही भरता येते.

आणि हवा हीच या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त करामत. सुट्या दगडांच्या एका चढावर गाडी ३० पीएसआयवर घसरत होती. १८ वर आणल्यावर लॉकर न लावताच, संथपणे वर गेली. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो आणि रबर दगडाला लपेटून बसतं. मऊ वाळूत १५ पर्यंत जाता येतं. त्याखाली वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती. डांबरावर परतताना मात्र आधी हवा भरायची. कमी हवेच्या टायरची कड वेगात तापते आणि आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही.

पुढच्या डिफमधलं दुधाळ तेल कसं झालं, तर असं: चालून तापलेला डिफ ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचते. डिफची श्वासनळी, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी नळी, चिखलाने बुजलेली असेल किंवा स्वतःच पाण्याखाली असेल, तर पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या श्वासनळ्या लांब रबरी पाइपने इंजिनच्या खोलीत वर नेल्या. स्नॉर्केल नाही घातला. कारखान्याने दिलेल्या पाण्याच्या खोलीच्या मर्यादेबाहेर जायचंच नाही असं ठरलं, आणि नुसता स्नॉर्केल घातल्याने बाकीची वायरिंग जलरोधक होत नाही.

विंच नाही म्हणून अडकल्यावर दुसऱ्या गाडीने ओढायचं. मूळ गाडीला पुढे जी कडी होती ती जहाजावर गाडी बांधण्यासाठीची. अडकलेली गाडी झटक्याने ओढणाऱ्या ताणाच्या दोराला ती पुरत नाही. फ्रेमला बोल्टने बसणारे, भार लिहिलेले हुक पुढे-मागे लावले. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर अडकवायचा नाही, हे त्याला मी दोनदा बजावलं. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा आलेला आहे आणि माणसं गेलेली आहेत.

सध्याची स्थिती

थरथर परतलेली नाही. ब्रेकचं पेडल आधीपेक्षा वेगळं लागत नाही, पेट्रोल थोडं जास्त जातं, टायर किंचित घोंघावतात. स्टेपनी नव्या मापाचीच ठेवली आहे आणि पाचही टायर आळीपाळीने फिरवायचे आहेत. ती मागच्या दारावर लटकते आणि आता जास्त जड आहे, म्हणून दाराच्या बिजागऱ्या दर सर्व्हिसला तपासायच्या.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. ताशी नव्वदच्या आसपास गाडीच्या तळातून बारीक कंप येतो. त्या वेगात न्यूट्रल केलं तरी तो राहतो, म्हणजे इंजिनचा नाही. पुढची-मागची चाकं अदलाबदल करूनही जागचा हलला नाही. पुढचे हब (चाकांना ॲक्सलच्या शाफ्टशी जोडणारे भाग) सुटे असताना पुढचा शाफ्ट फिरतच नाही, तेव्हाही कंप आहेच. राहिला मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून मागच्या डिफपर्यंत ताकद नेणारा दांडा. लिफ्टमुळे त्याच्या दोन टोकांचे कोन सारखे राहिले नसावेत. आधी कोनमापक लावून दोन्ही कोन मोजायचे. फरक निघाला तर लांबी बदलता येणारे मागचे आर्म घालून डिफचं नाक फिरवायचं. कोन जुळत असतील तर जॉइंट बदलायचे.